बोरीबंदरचे दगडी मोर

अजिंठ्याची लेणी आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहेत. मुंबईचे बोरीबंदर स्थानक येथून कितीतरी दूर! तरीही या दोहोंमध्ये एक नाते आहे, आणि ते फार थोड्यांना ठाऊक असते.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले व तिकडचा कापूस विलायतेतील गिरण्यांना मिळेनासा झाला. आपल्याकडील कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. जुन्या किल्ल्याचे तट पाडण्यात आले आणि शहरात एकामागून एक भव्य इमारती उभ्या राहू लागल्या.

रेल्वेचे हे स्थानक त्या सर्वांत देखणे. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुशिल्पज्ञाने त्याचा आराखडा केला. १८७८ मध्ये सुरू झालेले काम पुरे होण्यास दहा वर्षे लागली. राणी व्हिक्टोरियाचे नाव त्यास दिले गेले; आज ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस या नावाने ओळखले जाते. टोकदार कमानी आणि निमुळते मनोरे ही युरोपातील गॉथिक शैलीची लक्षणे. मध्यभागी अष्टकोनी घुमट असून त्यावर ‘प्रगती’ची स्त्रीमूर्ती उभी आहे. तिच्या एका हातात मशाल व दुसऱ्या हातात चाक आहे. प्रवेशद्वाराच्या खांबांवर इंग्लंडचा सिंह आणि हिंदुस्थानचा वाघ बसले आहेत. दगडात दोघांस सारखीच बैठक मिळाली. राज्यकारभारात मात्र तशी मिळाली नव्हती!

परंतु जरा जवळ जाऊन भिंती न्याहाळा. तेथे मोर आहेत, माकडे आहेत, पाने आहेत, वेली आहेत. या नक्षीकामात मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेतील विद्यार्थ्यांचा मोठा वाटा होता. त्याच शाळेतील शिक्षक जॉन ग्रिफिथ्स १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्यास जात असत. अंधाऱ्या लेण्यांत बसून त्या तरुणांनी भिंतींवरील चित्रांच्या हुबेहूब नकला उतरविल्या. त्यांपैकी पेस्तनजी बोमनजी पुढे नामवंत चित्रकार झाले. इतरांची नावे आपल्या कानांवर क्वचितच येतात.

त्या नकला लंडनला पाठविण्यात आल्या. १८८५ मध्ये तेथे आग लागली आणि त्यांतील बऱ्याच भस्मसात झाल्या. वर्षानुवर्षांचे कष्ट एका दिवसात गेले. ज्या वाचल्या, त्या आजही तेथील संग्रहालयात आहेत. लेण्यांत जेथे रंग पुसट झाला आहे, तेथे मूळ चित्र कसे होते हे जाणण्यासाठी अभ्यासक त्यांच्याकडेच वळतात.

बोरीबंदरचे दगडी मोर मात्र मुंबईचा पावसाळा अंगावर घेत अजून जागच्या जागी आहेत. २००४ साली त्या इमारतीस जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. अजिंठ्यास ते १९८३ मध्येच मिळाले होते.