देव कोठे आहे?

"देव सर्वत्र आहे," असे आपण शब्बाथशाळेत शिकवतो. मग एखादे मूल विचारते, "दगडातही आहे का? वाईट माणसातही?" हा प्रश्न आपण टाळू नये.

आपण बांधलेल्या मंदिरात देव मावत नाही, हे शलमोनाने समर्पणाच्या प्रार्थनेतच कबूल केले (१ राजे ८:२७). देव कोणापासूनही दूर नाही, असे पौलाने अथेनैत सांगितले, पण तो सोन्यारुप्यासारखा किंवा दगडासारखा आहे असे मानू नका, हेही त्याच भाषणात बजावले (प्रे. कृ. १७:२७-२९). म्हणजे दगड देवाच्या दृष्टीआड नाही, तरी दगड देव नव्हे. मडके घडवणारा कुंभार मडके होत नाही.

वाईट माणूसही देवाच्या प्रतिरूपाचा आहे (उत्पत्ती १:२७), म्हणून तो तुच्छ नाही. मात्र ख्रिस्ताने अंतःकरणात वस्ती करणे निराळे. ते विश्वासाने घडते (इफिस ३:१७).

'तुम्ही देवाचे मंदिर आहा' हे पौलाने लिहिले ते गटबाजीने फुटलेल्या करिंथ मंडळीला (१ करिंथ ३:१६). तेथील 'तुम्ही' अनेकवचनी आहे. मंडळीत तट पाडणारा देवाचे घरच मोडतो. तेव्हा मुलाला उत्तर देण्यापूर्वी, मंडळीत आपले कोणाशी बोलणे बंद आहे, हे आपण पाहू या.