ऑनलाइन खेळ आणि लिनक्स : दार कोणासाठी बंद?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार थांबवला. पुढची आवृत्ती, विंडोज ११, घालायची तर संगणकात टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि साधारण २०१७ नंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे हरमल, केरी, पालये, कोरगाव या आपल्या पंचक्रोशीत अनेक घरांतले उत्तम चालणारे संगणक कागदोपत्री बाद झाले. अशा संगणकावर लिनक्स घालावे, तो आणखी चार-पाच वर्षे सहज काम देईल, असे आम्ही पालकांना सुचवतो. तेव्हा पालक विचारतात, ‘मराठी टंकलेखन होईल ना? प्रिंटर चालेल ना?’ मराठी टंकलेखन नक्की होते आणि बहुतेक प्रिंटरही चालतात. मुले मात्र मागे उभी राहून हळूच विचारतात, ‘सर, गेम चालतील?’ या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हा लेख.

काही विश्वस्तांना व पालकांना वाटेल की शाळेच्या पत्रिकेत खेळांची चर्चा कशाला? आमचा अनुभव असा की घरात कोणता संगणक घ्यायचा हे आता बहुतेक वेळा मुलेच ठरवतात, आणि मुले ते खेळांवरून ठरवतात. दहा-वीस हजारांचा निर्णय त्यावर अवलंबून असेल, तर विषय समजून घ्यायलाच हवा.

लिनक्स ही गोव्यातल्या शाळांना परकी गोष्ट नाही. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली तिचा गाभा लिहून जगापुढे ठेवला. त्यानंतर दहा-एक वर्षांतच, २००० सालाच्या आसपास, ‘गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्ट’ या उपक्रमातून परदेशात वापरून झालेले संगणक आपल्या राज्यातील शाळांकडे आले आणि त्यांच्यासाठी लिनक्सचाच आधार घेतला गेला. कारण साधे होते. प्रणाली फुकट होती, आणि जुन्या यंत्रावर चालत होती. आज केरळातील सरकारी शाळांचे संगणक लिनक्सवर चालतात. आणि गंमत म्हणजे तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सच आहे! फोनवर ‘बीजीएमआय’ खेळणारा मुलगा ‘लिनक्सवर गेम चालत नाहीत’ असे म्हणतो, तेव्हा तो लिनक्सवरच खेळत असतो. इतकेच नव्हे, ज्या दूरच्या सर्व्हरवर हे सामने भरतात, त्यांतले पुष्कळ सर्व्हरही लिनक्सचेच असतात.

मग अडते कुठे? विंडोजसाठी लिहिलेला खेळ चित्र, आवाज, कळफलक या साऱ्यासाठी विंडोजच्या भाषेत मागण्या करतो. लिनक्सला ती भाषा येत नाही. पण आपल्या किनाऱ्यावरचा एखादा शॅक डोळ्यांसमोर आणा. रशियन पाहुणा त्याच्या भाषेत मागणी सांगतो, आपला दादा ती ऐकून आतल्या आचाऱ्याला कोंकणीत सांगतो. पाहुण्याला कोंकणी येत नाही, आचाऱ्याला रशियन येत नाही, तरी ताट वेळेवर येते. लिनक्समध्ये या दादाचे काम ‘वाइन’ नावाची आज्ञावली १९९३ पासून करत आली आहे. तिच्यावर आधारलेली ‘प्रोटॉन’ ही आज्ञावली व्हॉल्व्ह कंपनीने ऑगस्ट २०१८ मध्ये आणली आणि चित्र पालटले. २०२२ साली याच कंपनीने ‘स्टीम डेक’ हे हातात धरून खेळायचे यंत्र काढले. त्यात लिनक्सच आहे. विंडोजसाठी लिहिलेले हजारो खेळ आता लिनक्सवर चालतात, काही तर विंडोजइतक्याच वेगाने.

एकट्याने खेळायच्या खेळांचा प्रश्न अशा रीतीने बराचसा सुटला. अडून बसले ते अनेकांनी मिळून खेळायचे ऑनलाइन खेळ, आणि त्याचे कारण भाषा नसून अविश्वास हे आहे.

लगोरी खेळताना कोणी लबाडी केली तर ती सगळ्यांना दिसते. ऑनलाइन खेळात प्रतिस्पर्धी शेकडो मैल दूर, आपल्या खोलीत बसलेला असतो. भिंतीआड कोण लपले आहे ही माहिती खेळाचा सर्व्हर त्याच्या संगणकाला आधीच पाठवतो, म्हणजे तो लपलेला बाहेर आला की चित्र लगेच उमटावे. लबाड खेळाडू एक छोटी आज्ञावली लावून ती माहिती स्मृतीतून उचलतो आणि भिंतीपलीकडचे पाहतो. हे पकडण्यासाठी कंपन्यांनी पहारेकरी आज्ञावल्या बसवल्या. लबाडीच्या आज्ञावल्या संगणकाच्या जितक्या खोल थरात शिरल्या, तितक्या खोल पहारेकरीही उतरले. ‘व्हॅलोरंट’ या २०२० साली आलेल्या खेळाचा पहारेकरी तर विंडोजच्या गाभ्यातच बसतो आणि खेळ उघडला नसला तरी संगणक सुरू होतानाच जागा होतो. लिनक्सवर हे जमत नाही. तिथे गाभा उघडा आहे, मालक तो हवा तसा बदलून घेऊ शकतो. म्हणजे पहारेकऱ्याच्या पायाखालची फरशीच दुसऱ्याच्या ताब्यात! कंपन्यांची भीती अगदीच निराधार नाही, हे आम्ही मान्य करतो.

पण ही भीती किती ताणावी? बॅटलआय आणि ईझी अँटी-चीट हे दोन नावाजलेले पहारेकरी २०२१ पासून प्रोटॉनखाली चालू शकतात. खेळाच्या निर्मात्याने फक्त परवानगी द्यायची असते. काहींनी ती दिली, काहींनी दिली नाही. ‘फोर्टनाइट’च्या एपिक कंपनीने २०२२ साली स्पष्ट नकार दिला, आणि ईझी अँटी-चीट हा पहारेकरी तिच्याच घरचा आहे. ‘एपेक्स लेजंड्स’ने आधी परवानगी दिली आणि ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस काढून घेतली. लिनक्सच्या वाटेने लबाड शिरतात आणि तिथे प्रामाणिक खेळाडू फार थोडे आहेत, असा तिचा युक्तिवाद होता. आकड्यांपुरता तो खोटा नाही. स्टीमच्या स्वतःच्या पाहणीत २०२५ अखेर लिनक्सचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपासच होता. मात्र लबाडी विंडोजवरही भरपूर चालते. संगणकात वेगळे कार्ड बसवून बाहेरून स्मृती वाचणारे महाभाग आहेत, आणि गाभ्यात बसलेल्या पहारेकऱ्यालाही ते सहज सापडत नाहीत. उलट बाजूही सांगितली पाहिजे. ‘काउंटर-स्ट्राइक २’ हा खेळ थेट लिनक्ससाठी मिळतो, त्याचा पहारेकरी गाभ्यात जात नाही, आणि त्यात लबाड फार झाले अशी खेळाडूंची तक्रार सतत ऐकू येते.

आम्हांला यात खेळापेक्षा मोठा प्रश्न दिसतो. ज्या संगणकावर वडिलांचे बँकेचे व्यवहार होतात, आईच्या बचतगटाचे हिशेब असतात, त्याच संगणकाच्या गाभ्यात एका खेळाच्या कंपनीला कायमची खोली द्यावी काय? गाभ्यातली चूक किती महाग पडते हे १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फाइलमुळे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले आणि आपल्या देशातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. ती खेळाची आज्ञावली नव्हती. पण ती बसली होती त्याच थरात.

लबाडी पकडायचा दुसरा मार्ग बुद्धिबळाने दाखवला आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये बुद्धिबळाचा विश्वचषक आपल्या गोव्यात झाला आणि उझबेकिस्तानच्या १९ वर्षांच्या जावोखिर सिंदारोवने तो जिंकला, हे तुम्हांला आठवत असेल. त्या दिवसांत शाळेत मधल्या सुट्टीतही पट मांडले जात. ऑनलाइन बुद्धिबळात लबाडी सर्वांत सोपी. शेजारी दुसरा संगणक ठेवून त्याला चाल विचारली की झाले! तरीही ‘लिचेस’सारखे मोफत संकेतस्थळ विंडोज, लिनक्स, फोन असा भेद करत नाही. ते तुमच्या संगणकात शिरत नाही, तुमच्या चाली तपासते. माणूस इतक्या वेळा, इतक्या अचूक, इतक्या सारख्या वेळात खेळेल काय, हे सर्व्हरवर बसून पाहते. नेमबाजीच्या खेळात हे अधिक कठीण आहे, कारण तिथे निर्णय क्षणात होतात. पण भिंतीआडच्या खेळाडूचा ठावठिकाणा गरज पडेपर्यंत पाठवायचाच नाही, हे सर्व्हरला करता येते, आणि गंमत अशी की व्हॅलोरंटही गाभ्यातल्या पहाऱ्याच्या जोडीला हेच करतो.

तेव्हा आमचे मत असे. प्रत्येक कंपनीने लिनक्ससाठी वेगळा खेळ लिहावा, हा हट्ट धरता येणार नाही. छोट्या कंपनीला तो खर्च झेपत नाही. पण प्रोटॉनखाली आपोआप चालणारा खेळ मुद्दाम अडवणे वेगळे. बक्षिसाच्या, क्रमवारीच्या सामन्यांना कडक नियम असावेत, त्याला आमची हरकत नाही. मित्रांनी आपसात भरवलेल्या सामन्याला तेच कुलूप कशाला? आणि पैसे घेतल्यावर दार बंद केले, तर पैसे परत मिळालेच पाहिजेत. ‘रॉकेट लीग’ने मार्च २०२० मध्ये लिनक्स व मॅक यांवरचा आधार थांबवला, तेव्हा पैसे परत देण्याची सोय ठेवली होती. तेवढी रीत सर्वांनी पाळावी.

पालकांसाठी एक जोड. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा नवा कायदा केला. त्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. मुलगा ‘ऑनलाइन गेम’ म्हणतो तेव्हा तो यांपैकी कशाविषयी बोलतो आहे, हे एकदा शेजारी बसून पाहावे.

आता घरच्या जुन्या संगणकाचे. लिनक्स घालण्यापूर्वी मुलाने आपल्या आवडत्या पाच खेळांची नावे कागदावर लिहावीत आणि ‘प्रोटॉनडीबी’ या संकेतस्थळावर इतरांचा अनुभव वाचावा. व्हॅलोरंट आणि फोर्टनाइट त्या कागदावर असतील तर ती सोडावी लागतील, हे त्याला आधीच सांगा. मागाहून घरात वाद नको. माइनक्राफ्टची जावा आवृत्ती आणि डोटा २ लिनक्सवर नीट चालतात. मोफत व मुक्त खेळांत ‘सुपरटक्सकार्ट’ ही गाड्यांची शर्यत २०१९ पासून ऑनलाइनही खेळता येते. ‘बॅटल फॉर वेसनॉथ’ आणि ‘फ्रीसिव्ह’ हे डावपेचांचे खेळ जुन्या यंत्रावरही दमत नाहीत. या खेळांचा सर्व्हर आपणच चालवू शकतो. शाळेच्या प्रयोगशाळेतले चार संगणक एका तारेने जोडले की इंटरनेट नसतानाही सामना रंगतो, आणि पावसाळ्यात आपल्याकडे वीज व नेट यांचे जे चालते ते पाहता ही सोय लहान नव्हे. सर्व्हर कसा उभा करायचा, हे शिकण्याची इच्छा असलेल्या आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांनी आपली नावे संगणक शिक्षकांकडे द्यावीत. घरचा जुना संगणक सोबत आणला तरी चालेल, मात्र आतल्या फोटोंची व कागदपत्रांची प्रत आधी काढून ठेवावी.