बाराची ऑर्डर नऊला आली

वेळ बाराची ठरली होती. मी मेसेजमध्ये लिहिलं होतं, फोनवरही बजावलं होतं. तरी आमच्या लोअर परळच्या ऑफिसात सँडविचचे खोके सकाळी नऊलाच येऊन पडले, कारण म्हणे केटररच्या पोराला पुढे दुसरी ऑर्डर पोचवायची होती. ऑक्टोबरचा उकाडा, रिसेप्शनवर काचेतून येणारं ऊन. मी वरच्या मजल्यावर मीटिंगमध्ये होते, मला कोणी कळवलंही नाही.

दीडला जेवायला बसलो. पहिल्याच घासाला चटणी आंबट लागली आणि तो आंबटपणा लिंबाचा नव्हता. वरचा स्लाइस उचलला, बटाट्याच्या चकतीला बोट लावलं, तर तार सुटली. मी ओरडून सगळ्यांना थांबवलं, पण निम्म्या लोकांचं खाऊन झालं होतं. केटररला फोन केला. "ताई, लिंबू जरा जास्त पडलंय. एवढंच वाटत असेल तर ग्रिल करून घ्या ना!"

हे वाक्य मला अजून झोंबतं. हाताळताना पदार्थात गेलेले काही जंतू जे विष तयार करतात, ते भाजून जात नाही. जंतू मरतात, विष उरतं. थंड सँडविचला तर रचल्यानंतर आच लागतच नाही, म्हणून त्यात सगळा खेळ वेळेचा. उकडलेला बटाटा ५ ते ६० अंशांच्या मध्ये तासन्‌तास ठेवू नये, हे केटरिंग करणाऱ्याला ठाऊक असायलाच हवं. संध्याकाळी आमच्यातले तिघे उलट्यांनी हैराण झाले, आणि बोल मात्र मला. केटरर अ‍ॅडमिनने ठरवला होता, मी फक्त वेळ कळवली होती.

तेव्हा बाहेरून मागवणार असाल तर खोके हातात घेतल्याची वेळ लिहून सही घ्या. लवकर आले तर परत पाठवा, भिडेला बळी पडू नका. बिलावर एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांक बघा. जानेवारी २०२२पासून तो छापणं बंधनकारक आहे. आमच्या बिलावर नव्हता. सँडविच वर्तमानपत्रात गुंडाळलेलं असेल तर घेऊच नका, २०१८च्या नियमांनी त्याला मनाई आहे. दादर स्टेशनबाहेर किंवा गिरगावात गाडीवर खाणार असाल, तर बटाटा कधीचा उकडलाय ते विचारा आणि काकडी समोर कापून घ्या. निदान तिथे माल डोळ्यांसमोर असतो.

मी आता लालबागहून निघताना डबाच घेते. पावाची तारीख बघायची, हात धुवायचे, हे सांगायला नको. बटर दोन्ही स्लाइसना अगदी कडेपर्यंत लावा, म्हणजे पाणी पावात मुरत नाही. चटणीत पाणी न घालता मूठभर डाळं वाटा, घट्ट राहते. काकडीच्या चकत्या फडक्यावर पसरून कोरड्या करा आणि मीठ-मसाला खाताना भुरभुरवा, आधी घातला की काकडीला पाणी सुटतं. टोमॅटो वेगळ्या डबीत. ऑफिसात फ्रिज नसेल तर बटाटा आणि उकडलेलं बीट घालूच नका. चीजची स्लाइसही नको. काकडी, चटणी, बटर पुरे.

पैसे अजून परत आलेले नाहीत. "पुढच्या ऑर्डरमध्ये वळते करतो," असं केटरर म्हणतो. मी अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार दिली आहे, बिलाच्या आणि नऊ वाजताच्या गेट-एन्ट्रीच्या फोटोसह.