चार भिंतींची गरज काय?

शास्त्रपाठ : मत्तय १८:१५-२०, प्रेषितांची कृत्ये २:४१-४७, १ करिंथ १२:१२-२७, इब्री १०:२३-२५.

मुख्य विचार : विश्वास ज्याचा त्यानेच धरावयाचा असतो, परंतु तो एकट्याला मिळत नाही, एकट्याने टिकत नाही व एकट्यापुरता राहत नाही.

खेडोपाडी फिरणाऱ्या सुवार्तिकांस एक उत्तर वारंवार ऐकावे लागते. "रविवारी उपासनेस का आला नाहीत?" असे विचारले असता घरधनी म्हणतो, "मास्तर, माझा येशूवर पूर्ण विश्वास आहे. घरी प्रार्थना करितो, शास्त्र वाचितो, मोबाइलवर उपदेशही ऐकतो. मग देवळाच्या चार भिंतींत येऊन बसलेच पाहिजे काय?" हा मनुष्य थट्टा करीत नसतो. त्याचा प्रश्न मनापासूनचा असतो, आणि "येत जा, बाबा" एवढे म्हणून पुढे गेल्याने त्याचे समाधान होत नाही. म्हणून या पाठात आपण त्याच प्रश्नाचा विचार करू.

या विषयावर आमच्या रोमन कॅथोलिक बंधूंनी प्राचीन काळापासून पुष्कळ मनन केले आहे. आपण प्रॉटेस्टंट लोक प्रत्येक जिवाच्या वैयक्तिक विश्वासावर भर देत आलो, व तो योग्यच आहे. परंतु एका गोष्टीवर भर देता देता दुसरीचा विसर पडतो, असा मनुष्यस्वभाव आहे. तेव्हा त्यांचे म्हणणे शांतपणे ऐकून घ्यावे, जे शास्त्रास धरून आहे ते घ्यावे, आणि जेथे आपला मतभेद आहे तेथे तो प्रेमाने सांगावा, हे आपल्या हिताचे आहे.

१. व्हिक्टोरिनसचा प्रश्न

हा प्रश्न नवा नाही. सुमारे साडेसोळाशे वर्षांपूर्वी रोम शहरात व्हिक्टोरिनस नावाचा एक थोर पंडित होता. मोठमोठ्या सरदारांची मुले त्याच्या हाताखाली शिकली होती, आणि त्याच्या विद्वत्तेच्या गौरवार्थ त्याचा पुतळा भर चौकात उभारिला होता. म्हातारपणापर्यंत तो मूर्तींची पूजा करीत असे व त्यांच्या बाजूने वादही करीत असे. पुढे त्याने पवित्र शास्त्र व ख्रिस्ती ग्रंथ बारकाईने वाचिले आणि त्याचे मन पालटले. सिंप्लिसियानस नावाचा एक ख्रिस्ती मनुष्य त्याच्या परिचयाचा होता. त्याला व्हिक्टोरिनसने एकांतात सांगितले की, आपण आता ख्रिस्ती झालो आहो. सिंप्लिसियानस म्हणाला की, तुम्हांला ख्रिस्ताच्या मंडळीत पाहीन तेव्हाच मी ते खरे मानीन. यावर पंडिताने हसून विचारले की, भिंतींनी का माणूस ख्रिस्ती होतो? असे त्यांचे संभाषण एकदा नव्हे, पुष्कळदा झाले.

खरे कारण निराळे होते, व ते या गोष्टीतच सांगितले आहे. व्हिक्टोरिनसला आपल्या मानी मित्रांचे भय वाटत होते. त्यांच्या रोषाला तोंड देण्यापेक्षा मनातल्या मनात ख्रिस्ती राहणे त्याला सोपे वाटले. पण शास्त्र वाचिता वाचिता त्याच्या ध्यानात आले की, जो मनुष्यांसमोर ख्रिस्ताला नाकारितो त्याला ख्रिस्तही देवदूतांसमोर नाकारील (लूक १२:९). तेव्हा एके दिवशी तो अकस्मात आपल्या मित्राला म्हणाला की, चला, देवळात जाऊ. मला ख्रिस्ती व्हावयाचे आहे.

त्याला प्रथम शिक्षण देण्यात आले व बाप्तिस्म्यासाठी त्याचे नाव नोंदले गेले. रोम येथील रीतीप्रमाणे बाप्तिस्मा घेणाराने उंच जागी उभे राहून सर्व मंडळीसमोर विश्वासाचा अंगीकार म्हणून दाखवावयाचा असे. जे भिडस्त असत त्यांना तो खाजगी रीतीने करू देत, आणि मंडळीच्या वडिलांनी व्हिक्टोरिनसलाही ती सवलत देऊ केली. त्याने ती घेतली नाही. तो वर चढला तेव्हा सर्व लोक हर्षाने त्याचे नाव कुजबुजू लागले. मग त्याचे शब्द ऐकण्यासाठी सगळे स्तब्ध झाले. काही वर्षांनी, ३६२ साली, बादशहा जुलियन याने ख्रिस्ती लोकांस विद्या शिकविण्याची मनाई केली, तेव्हा या वृद्ध पंडिताने प्रभूला न सोडिता आपली शाळा सोडिली.

ही हकीकत ऑगस्टीन याने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेविली आहे. ३८६ साली मिलान येथे सिंप्लिसियानसने स्वतः ती त्याला सांगितली. ऑगस्टीनही तेव्हा उंबरठ्यावर घोटाळत होता. पुढच्याच वर्षी, ३८७ सालच्या ईस्टरच्या सणास, त्याने बाप्तिस्मा घेतला.

भिंतींनी कोणी ख्रिस्ती होत नाही, हे व्हिक्टोरिनसचे म्हणणे खोटे नव्हते. पण भिंतींच्या आत जी माणसे होती, त्यांच्यापासून तो स्वतःला लपवीत होता.

२. कॅथोलिक बंधूंचे म्हणणे

पहिली गोष्ट, ते म्हणतात, विश्वास हा आपल्याला दुसऱ्यांच्या हातून मिळतो. येशूने स्वतः एकही पुस्तक लिहिले नाही. त्याने बारा शिष्य निवडिले, त्यांना आपल्याजवळ ठेविले व पाठविले. शुभवर्तमाने लिहिली गेली ती मंडळीत, वाचिली गेली ती मंडळीत, आणि छळाच्या काळात जपून ठेविली गेली तीही मंडळीतच. नव्या कराराची जी सत्तावीस पुस्तके आपण वाचितो, तीच सर्व, कमी नाही व अधिक नाही, अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याने ३६७ साली आपल्या मंडळ्यांस लिहिलेल्या पत्रात सांगितली आहेत. घरी एकटा बसून जो शास्त्र वाचितो, त्याच्या हातातील पुस्तकही त्याला मंडळीनेच आणून दिले आहे.

दुसरी गोष्ट, ख्रिस्ताने नुसते अनुयायी केले नाहीत, तर एक शरीर उभे केले. पौल म्हणतो त्याप्रमाणे डोळ्याला हाताची गरज नाही असे म्हणता येत नाही. स्वतःचा बाप्तिस्मा स्वतः कोणी करू शकत नाही. तो दुसऱ्याच्या हातून घ्यावा लागतो. प्रभुभोजनाची एक भाकर एकट्यासाठी मोडिली जात नाही. म्हणून कार्थेजचा बिशप सिप्रियन याने २५१ सालच्या सुमारास शिकविले की, ज्याला देव पिता हवा त्याने मंडळीला आई मानिले पाहिजे.

तिसरी गोष्ट, शरीराला व्यवस्था लागते. प्रेषितांच्या काळी विधवांच्या रोजच्या अन्नवाटपाविषयी कुरकुर झाली, तेव्हा सात जण नेमावे लागले (प्रेषितांची कृत्ये ६). क्रेत बेटावर नगरोनगरी वडील नेमण्यासाठी पौलाने तीताला मागे ठेविले. याचे फळ काय झाले ते पाहा. २५१ सालच्या सुमारास रोमचा बिशप कॉर्नेलियस याने एका पत्रात आपल्या मंडळीचा हिशेब दिला आहे : ४६ वडील, ७ सेवक, तितकेच उपसेवक, त्याखेरीज वाचक व द्वारपाल, आणि मंडळीच्या आधारावर जगणाऱ्या विधवा व गरजू माणसे पंधराशेहून अधिक. मंडळी तेव्हा छळाखाली होती. राज्याचा तिला आधार नव्हता. पंधराशे भुकेल्यांना रोज अन्न पोचविणे हे "माझा विश्वास माझ्या मनात आहे" असे म्हणणाऱ्या एकेकट्या भाविकांच्या हातून झाले असते काय? नावांची यादी, जमाखर्चाची वही व ठरलेली माणसे, यांच्या द्वारे तेथे प्रीती विधवेच्या दारापर्यंत गेली.

३. आपण कोठे एक व कोठे वेगळे

मंडळीला आई म्हणणे हे केवळ कॅथोलिक मत आहे असे कोणी समजू नये. जिनेव्हा येथील सुधारक जॉन कॅल्व्हिन यानेही मंडळीला विश्वासणाऱ्यांची आई म्हटले आहे. लूथर व कॅल्व्हिन यांनी मंडळी मोडिली नाही. तिची सुधारणा व्हावी एवढेच त्यांना हवे होते.

भेद आहेत, ते झाकून ठेवू नयेत. रोमच्या पोपास सर्व मंडळ्यांवर अधिकार आहे, असे कॅथोलिक बंधू मानितात. आपण मानीत नाही. ते सात विधि धरितात; आपण प्रभूने स्वतः लावून दिलेले दोन धरितो. शास्त्राचा अर्थ सांगण्याचा अखेरचा अधिकार मंडळीच्या शिक्षकवर्गाकडे आहे, असे ते म्हणतात. आपण म्हणतो की मंडळी स्वतःही शास्त्राच्या न्यायाखाली आहे. तरी १९६४ साली व्हॅटिकनच्या महासभेने जाहीर केले की, जे ख्रिस्तावर विश्वास ठेवितात व ज्यांचा यथायोग्य बाप्तिस्मा झाला आहे, ते कॅथोलिक मंडळीबाहेरचे असले तरी बंधूच होत. आपल्या देशातही २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा निरनिराळ्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली. एकी नुसती मनात पुरे, असे त्या मंडळ्यांनी म्हटले नाही. ती डोळ्यांना दिसली पाहिजे, म्हणून त्या झटल्या.

आपले कवी नारायण वामन टिळक यांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडिली. मंडळीचे परदेशी वळण त्यांना रुचत नव्हते. तरी ते एकटे बसले नाहीत. त्यांनी बाप्तिस्मा झालेल्या व न झालेल्या ख्रिस्तभक्तांसाठी "देवाचा दरबार" स्थापिला. जुनी व्यवस्था ज्याला पुरेशी वाटली नाही, त्यालाही सोबत्यांची गरज भासलीच.

४. पुढारीच वाईट निघाले तर?

येथे कोणी म्हणेल, "हे सर्व खरे, पण आमच्या मंडळीत भांडणे आहेत, जमिनीचे तंटे कोर्टात गेले आहेत, अमक्या पाळकाचे वर्तन बरे नाही. तेथे जाऊन काय करावे?" ही तक्रार पुष्कळ ठिकाणी खरी असते, व ती ऐकून आम्हांस लाज वाटते.

उत्तर आफ्रिकेतील मंडळीवर असाच प्रसंग आला होता. ३०३ साली सुरू झालेल्या छळात काही पाळकांनी भिऊन शास्त्राच्या प्रती सरकारच्या हवाली केल्या. छळ संपल्यावर दोनातसच्या पक्षाचे लोक म्हणू लागले की, अशा भ्रष्ट पाळकांच्या हातचे विधि व्यर्थ होत. शुद्ध लोकांनी निराळे व्हावे. ऑगस्टीनने त्यांना उत्तर दिले की, बाप्तिस्मा पाळकाचा नव्हे, ख्रिस्ताचा आहे. देणाऱ्याचा हात मळका असला म्हणून ख्रिस्ताचे दान मळत नाही. हा सिद्धांत कॅथोलिक मंडळीने स्वीकारिला, आणि १५३० साली लूथरच्या अनुयायांनी ऑग्सबर्ग येथे सादर केलेल्या विश्वासपत्रातही तो आहे.

मात्र याचा अर्थ असा नव्हे की दुष्कृत्यावर पांघरूण घालावे. मत्तय १८ मध्ये प्रभूने क्रम घालून दिला आहे : प्रथम एकट्याने बोलावे, मग दोघातिघांस घेऊन, मग मंडळीसमोर. पैशाची अफरातफर किंवा दुर्बळांवर अत्याचार झाला असेल तर सरकारदरबारी दाद मागणे हेही कर्तव्य होय. पण हे सर्व मंडळीत राहूनच करिता येते. जो उठून निघून जातो त्याच्याने ते होत नाही.

५. ज्यांना उघडपणे येता येत नाही

काही जण भांडणामुळे नव्हे, तर भयामुळे दूर राहतात. १९५० सालच्या सरकारी आदेशाने अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांस त्या जातींच्या सवलती नाकारण्यात आल्या. त्यामुळे मुलाच्या शिक्षणाचा किंवा नोकरीचा विचार करून कित्येक घरांतील माणसे प्रभूचे नाव मनातच ठेवितात. कोठे भाऊबंदांचा धाक असतो, कोठे गावाचा. पोटाची काळजी ही लहान गोष्ट नव्हे, व आम्ही त्यांचा न्याय करीत नाही.

पण सिंप्लिसियानसने काय केले हे सुवार्तिकांनी लक्षात ठेवावे. त्याने मित्राला धिक्कारिले नाही, आणि "मनातला विश्वास पुरे" असे सांगून झोपविलेही नाही. तो भेटत राहिला व वाट पाहत राहिला. व्हिक्टोरिनस उंच जागी उभा राहिला तेव्हा खाली त्याचे नाव हर्षाने घेणारी मंडळी होती. आपल्या गावी उद्या कोणी असा पुढे आला, आणि त्याची नोकरी गेली किंवा भाऊबंदांनी पाणी तोडिले, तर त्याच्या घरी धान्य पोचविणारे कोणी आहे काय? नसेल, तर त्याच्या धैर्याविषयी बोलण्याआधी आपण आपल्या मंडळीविषयी बोलावे.

६. सुवार्तिकांस सूचना

ज्या गावी पाळक महिन्यातून एकदाच येतो, तेथे इतर रविवारी उपासना बंद ठेवू नये. दोघे तिघे जमले तरी प्रभू तेथे आहे. शास्त्रपाठ वाचावा, प्रार्थना करावी, गीत गावे. जो आला नाही त्याच्या घरी त्याच आठवड्यात जावे. गैरहजेरीचा जाब विचारण्यासाठी नव्हे, तर तो आजारी आहे की दुःखी आहे हे पाहण्यासाठी. जे घरी मोबाइलवर उपदेश ऐकतात, त्यांना म्हणावे की, ऐका, चांगले आहे. पण तुमच्या घरी मयत झाली तर तो उपदेशक खांदा द्यावयास येणार नाही, आणि शेजारच्या म्हातारीला तुमच्या हातची भाकर मोबाइलमधून मिळणार नाही. घरोघर बाजूला काढलेल्या मूठभर धान्याचा व दानाचा हिशेब दरमहा सर्वांसमोर वाचून दाखवावा, म्हणजे संशयाला जागा राहणार नाही.

विचार करण्यासाठी प्रश्न

१. तुम्हांला प्रभूची ओळख प्रथम कोणी करून दिली? त्या माणसाला कोणी करून दिली होती?

२. आपल्या मंडळीतील कोणते घर गेल्या तीन महिन्यांत उपासनेस आले नाही? त्याचे कारण आपणांस ठाऊक आहे काय?

३. व्हिक्टोरिनस आज आपल्या गावी असता, तर त्याच्या स्वागतासाठी व आधारासाठी आपण काय करू शकलो असतो?

प्रार्थनेचे विषय : जे प्रभूला मनात मानितात व उघडपणे मानण्यास भितात, त्यांच्यासाठी, ज्यांचे मन मंडळीतील भांडणांमुळे दुखावले आहे, त्यांच्यासाठी, आपले कॅथोलिक बंधू व आपण एका मेंढपाळाखाली एक व्हावे म्हणून, आणि आपल्या लहानशा मंडळीची दारे येणाऱ्या प्रत्येकासाठी उघडी राहावीत म्हणून.