बैल गेला नि झोपा केला

कॉन्व्हेंटमध्ये दहा वर्षं काढल्यामुळे माझं मराठी कसं आहे हे वर्गातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. "बैल गेला नि झोपा केला" ही म्हण शाळेत शिकवली तेव्हा मला वाटलं होतं, बैल हरवला आणि शेतकरी दुःखाने झोपून गेला! परीक्षेत अर्थही तसाच लिहिला होता. बाईंनी लाल पेनाने गोल केला, पण खरा अर्थ काही डोक्यात शिरला नाही. तो दोन वर्षांपूर्वी आजोबांनी सांगितला. झोपा म्हणजे गोठ्याचं काटक्याकुडाचं दार. बैल चोरीला गेल्यावर दार बसवून काय उपयोग?

आजोबांना हे सांगावं लागलं, कारण त्या दिवशी आमचा "बैल" खरोखरच गेला होता. बैल म्हणजे मामांची ट्रॅक्टरची ट्रॉली.

मामांचं गाव आंबेगाव तालुक्यात, मंचरपासून जवळच. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही गेलो होतो. बाबांनी नुकतीच नवी गाडी घेतलेली. अंगणात ट्रॉली उभी होती. "मामा, ट्रॉली बाहेर रस्त्याकडेला लावा ना, गाडीला ओरखडा पडेल," असं मीच म्हणाले. मामा भाचीला नाही म्हणत नाहीत. त्यांनी ट्रॉली बाहेर नेली, विजेच्या खांबाला साखळी घातली, कुलूप लावलं. सकाळी खांबापाशी साखळीच्या दोन तुटलेल्या कड्या पडल्या होत्या. बस्स, तेवढंच.

ज्यांचं गाव पुण्यातच आहे त्यांच्यासाठी सांगते. दिवाळी म्हणजे ऊसतोडीच्या हंगामाचं तोंड. जुन्नरमध्ये विघ्नहर आणि आंबेगावात भीमाशंकर, या दोन साखर कारखान्यांकडे त्या काळात उसाने भरलेल्या ट्रॉल्यांची रीघ लागते. हंगामात ट्रॉली गेली म्हणजे नुसती वस्तू गेली नाही, वर्षाची कमाई गेली. त्यात कर्जाचे हप्ते चालू होते. मला कुणी एक शब्दही बोललं नाही. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

त्या दोन कड्या मी कॉलेजला घेऊन आले. पुढे जे शिकले ते या लेखात मांडते आहे. आपल्या कॉलेजात जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूरकडची बरीच मुलं आहेत, त्यांच्या घरी तरी ते उपयोगी पडेल.

ट्रॉलीच का?

ट्रॅक्टरला किल्ली असते. ट्रॉलीला इंजिन नाही, म्हणून किल्लीही नाही. तिच्या पुढच्या दांडीला एक लोखंडी कडं असतं. ट्रॅक्टर मागे घ्यायचा, कडं हुकात बसवायचं, वरून पिन टाकायची, झालं! दोन मिनिटांचं काम. कोणाचाही ट्रॅक्टर कोणाचीही ट्रॉली ओढू शकतो आणि हीच तिची सोय आहे. शेजारी मागायला आला की लगेच देता येते. पण जी सोय शेजाऱ्याला, तीच चोरालाही. परदेशात घोडे नेण्यासाठी अशाच मागे जोडायच्या गाड्या असतात (आपल्याकडे बैलगाडा शर्यतीची घोडी पिकअपमधून जाते). तिथेही दुखणं हेच आहे. फरक इतकाच की तिथे पिनऐवजी लोखंडी गोळ्यावर बसणारी वाटी असते आणि कुलूप त्या वाटीत घालतात.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे. आळेफाट्याला पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. म्हणजे तिथे पोहोचलेली ट्रॉली पुढे चार दिशांपैकी कुठेही जाऊ शकते. सकाळपर्यंत शोधायचं कुठे?

"मग रात्री राखण करा" असं शहरातले लोक सहज सांगतात. त्यांनी एक रात्र आमच्याकडे काढावी! उसात बिबट्या आहे. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे ते काही उगाच नाही. अंधार पडला की माणसं दार लावून घेतात. कुत्रं पाळा म्हणाल, तर बिबट्या आधी कुत्रंच उचलतो. तेव्हा "ट्रॉलीत झोपा" हा सल्ला आमच्याकडे बाद. जे काही करायचं ते ट्रॉलीला एकटी सोडूनच करावं लागतं.

साखळी का तुटली?

आता थोडं इंजिनिअरिंग. आमची कडी व्हर्नियरने मोजली, जाडी ८ मिलिमीटर. म्हणजे कापायचं क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस मिलिमीटर. लॅबमध्ये सरांनी कडीची बाजू घासून सपाट करायला लावली आणि रॉकवेल मशीनवर ठेवली. साधं माइल्ड स्टील निघालं. अशा लोखंडाची कातरण्याची ताकद चौरस मिलिमीटरला साधारण ३०० न्यूटन धरली, तर ती कडी तोडायला १५,००० न्यूटन, म्हणजे अंदाजे १,५०० किलोचा जोर लागतो. ऐकायला प्रचंड वाटतं.

आता बोल्ट कटर पाहा. दांडे ६० सेंटिमीटर आणि धार खिळीपासून ३ सेंटिमीटरवर धरली, तर तरफेच्या नियमाने जोर २० पट झाला. त्यात कटरला दुहेरी सांधा असतो, त्याने आणखी तिप्पट धरा. म्हणजे एकूण ६० पट. माणसाने ३० किलोचा जोर लावला की धारेवर १,८०० किलो. आमची साखळी १,५०० किलोची. गणित तिथेच संपलं! मामांना वाटत होतं की कुलूप स्वस्तातलं होतं म्हणून गेली. पण कुलूप शाबूत होतं, साखळीने दगा दिला.

तीच साखळी १६ मिलिमीटरची असती तर? जाडी दुप्पट, पण क्षेत्रफळ चौपट. म्हणजे सुमारे ६,००० किलो. हाताने १०० किलोचा जोर लावावा लागला असता. शिवाय साखळी कडक केलेल्या पोलादाची असेल तर कटरची धारच खचते. मात्र पूर्ण कडी कडक केली तर ती ठोका बसताच फुटू शकते. म्हणून चांगल्या साखळीची फक्त वरची कातडी कडक ठेवतात आणि आतला गाभा चिवट. यालाच आपण सेकंड इयरला केस हार्डनिंग म्हणून पाठ केलं होतं. (मी तरी पाठच केलं होतं.)

दुकानात ओळखायचं कसं? खिशात एक छोटी कानस न्या आणि दुकानदाराला विचारून कडीवर एकदा फिरवा. कानस रुतली तर लोखंड मऊ, घसरली तर कडक. पाच सेकंदांची टेस्ट आहे.

साखळी कशी बांधली हेही महत्त्वाचं. ती सैल सोडून जमिनीवर लोळू देऊ नये. कटरचा एक दांडा जमिनीला टेकवून दुसऱ्यावर अख्ख्या शरीराचं वजन टाकता येतं. मग वरचं ३० किलोचं गणित चुकतं. साखळी आखूड आणि जमिनीपासून उंच हवी.

मग करायचं काय?

एक गोष्ट आधी मान्य करू. बॅटरीवर चालणारा ग्राइंडर घेऊन कोणी आलाच, तर तो काहीही कापू शकतो. कुलूप चोराला अडवत नाही, उशीर करायला लावतं आणि आवाज करायला लावतं. दोन मिनिटांचं काम वीस मिनिटांचं आणि बिनआवाजाचं काम आवाजाचं झालं, की चोर बहुतेक पुढच्या वस्तीवर जातो. (पुढच्या वस्तीवरही कुणाचे तरी मामा राहतात. म्हणूनच हे सगळ्यांनी करावं!)

पहिलं, कडं बुजवा. पिन जायची जागाच भरून टाकायची. आम्ही नारायणगावला वेल्डिंगवाल्याकडून कड्यात जेमतेम बसेल असा जाड गोल बार करून घेतला. वरच्या बाजूला त्याला चकती आहे आणि खालच्या टोकाला आडवं कुलूप लागतं. कुलपाभोवती पाइपचा तुकडा वेल्ड केला आहे, म्हणजे कटर आत शिरत नाही. हा बार आत असताना पिन बसूच शकत नाही.

दुसरं, चाक अडवा. कडं बुजवलं तरी दांडीला साखळी गुंडाळून ट्रॉली फरफटत नेता येते. म्हणून एक साखळी चाकाच्या डिस्कमधून काढून चेसिसला बांधावी. पावसाळ्यात ट्रॉली महिनोन् महिने उभी असते, तेव्हा एक चाक काढून घरात ठेवलं तर उत्तम. पण ट्रॉली जॅकवर सोडू नका, खाली भक्कम लाकडी ठोकळे द्या. चोराआधी घरचंच पोर खाली सापडायचं.

तिसरं, बांधायला काहीतरी हवं. विजेच्या खांबाला बांधू नये, ते धोक्याचं आहे आणि खांब आपला नाही. अंगणात ६० सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा घेऊन काँक्रीट भरा आणि त्यात २० मिलिमीटरची सळई यू आकारात बसवा. काँक्रीट घनमीटरला २,४०० किलो धरलं तर हा ठोकळा सुमारे ५२० किलोचा होतो. नुसता जमिनीवर ठेवला तर ट्रॅक्टर त्याला ओढून नेईल, पण पुरला की भोवतालची मातीही त्याला धरून ठेवते.

चौथं, उभी कशी करता ते बघा. दांडी रस्त्याकडे ठेवू नका, भिंतीकडे करा. मग ट्रॅक्टरला मागे यायला जागाच उरत नाही. यात एक रुपयाही खर्च नाही.

पाचवं, जीपीएस. ट्रॉलीला बॅटरी नसते, त्यामुळे स्वतःची बॅटरी असलेला ट्रॅकर घ्यावा लागतो. जागा ठरवायला त्याला निदान चार उपग्रह दिसावे लागतात आणि ते २०,००० किलोमीटरवर आहेत. जाड पत्र्याच्या पेटीत बंद केला तर तो आंधळा होतो. आणि लक्षात ठेवा, ट्रॅकर म्हणजे कुलूप नव्हे. चोरी झाल्यावर माग काढायला त्याचा उपयोग.

सगळ्यात महत्त्वाचं

हे शेवटी लिहिते आहे, कारण लिहायला जड जातं. चोरीनंतर दोनेक महिन्यांनी मामांना निरोप आला की एका ठिकाणी काही ट्रॉल्या पकडल्या आहेत, येऊन बघा. मामा गेले, मीही सोबत होते. एक ट्रॉली अगदी आमच्यासारखी. तीच लांबी, तीच फाळक्याची कडी. पण रंग वेगळा. आमच्या फाळक्यावर "आईचा आशीर्वाद" लिहिलं होतं, इथे सगळं निळंशार. साहेब म्हणाले, "नंबर सांगा, खूण सांगा." नंबर आम्ही कधी टाकलाच नव्हता. कागद ट्रॅक्टरचे होते, ट्रॉलीचे नव्हते.

मामांनी ट्रॉलीभोवती दोन चकरा मारल्या. फाळक्यावर हात फिरवला. मी हळूच म्हणाले, "मामा, आपलीच आहे म्हणा ना." ते म्हणाले, "आपलीच वाटतीये गं. पण शपथेवर कसं सांगू? दुसऱ्या कुणाची असली तर?" आणि आम्ही घरी आलो.

तेव्हा मित्रांनो, रंग आणि नाव यावर विसंबू नका. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये ट्रेलरची स्वतंत्र व्याख्या आहे आणि ट्रॉलीची नोंदणी ट्रॅक्टरपासून वेगळी करावी लागते. ती करा. विमा असेल तर पॉलिसीत ट्रॉलीचा वेगळा उल्लेख आहे का आणि चोरीची भरपाई धरली आहे का, ते वाचून बघा. चेसिसवर नंबर पंच करा, एक दिसेल असा आणि एक लपलेल्या जागी. पंच का? तर ठोक्याने अक्षराखालच्या धातूची रचनाही बदलते. वरून घासून टाकलं तरी न्यायसहायक प्रयोगशाळेत आम्ल लावून तो नंबर पुष्कळदा परत उमटवता येतो. रंगाचं तसं होत नाही. त्या नंबरचा, चारही बाजूंचा आणि एखाद्या जुन्या वेल्डिंगचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. चोरी झालीच तर ११२ ला फोन करा आणि लगेच फिर्याद नोंदवा.

आणि बिनकागदाची स्वस्त ट्रॉली घेऊ नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरीसाठी कलम ३०३ आहे, तसंच चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्यासाठी कलम ३१७ आहे. मामांनाही अशी एक ट्रॉली अर्ध्या किमतीत सांगून आली होती. मामी चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "तिच्यासाठीबी कुणीतरी रडत असंल." विषय तिथेच संपला.

मामांनी पुढच्या हंगामात जुनी ट्रॉली घेतली, कागद बघून. पंच मी स्वतः मारले, आकडे थोडे वाकडे आले आहेत. मामा म्हणाले, "वाकडे आहेत तेच बरं, आता कुठंही ओळखीन." यंदा दिवाळीला गेलो तेव्हा ट्रॉली अंगणात होती, दांडी भिंतीकडे करून. बाबांची गाडी बाहेर रस्त्यावर लावली. तिला एक ओरखडाही पडला, पण कुणी काही बोललं नाही.