जुन्या ड्रिलमधील ठिणग्या

प्रश्न : वडिलांच्या वेळचे धातूच्या कवचाचे ड्रिल चालू करताच मोटारीत मोठ्या ठिणग्या उडतात, वेग मंदावतो व जळका वास येतो. ते मोडीत काढावे काय?

उत्तर : तो निर्णय तूर्त तहकूब ठेवावा, कारण अशा यंत्रातील युनिव्हर्सल मोटारीत किंचित ठिणगी स्वाभाविक असली, तरी मोठ्या ठिणग्यांचे मूळ पुष्कळदा झिजलेल्या कार्बन ब्रशांत असते, आणि ते अल्प खर्चात बदलता येतात. प्लग काढून प्रथम ब्रशांची लांबी, स्प्रिंगचा ताण व कम्युटेटरचा पृष्ठभाग पाहावा. तो काळवंडला असल्यास बारीक काचकागदाने हलकेच उजळून तांब्याच्या पट्ट्यांमधील खाचा स्वच्छ कराव्यात. एमरी मात्र वर्ज्य, कारण तिचे कण विद्युत्‌वाहक असू शकतात. त्यानंतर ब्रश काढून लगतच्या प्रत्येक दोन पट्ट्यांमधील रोध मल्टिमीटरने मोजावा : एखाद्या ठिकाणी तो एकाएकी वाढल्यास तार तुटली आहे, फार घटल्यास वेटोळे शॉर्ट झाले आहे असा संशय धरावा, व आर्मेचर अनुभवी वाइंडरकडून तपासून घ्यावे. पट्टी आणि शाफ्ट यांत वहन आढळल्यास, किंवा कवचाला अर्थिंग नसल्यास, दुरुस्तीपूर्वी ते यंत्र कदापि चालवू नये. जुन्या वस्तूविषयीची ममता योग्यच, परंतु जीविताची सुरक्षितता तिच्याहून श्रेष्ठ होय.