मोरीतील पांढरा डाग, आम्ल आणि ब्रश

दिवाळी तोंडावर आली की घरोघरी साफसफाई सुरू होते. माळे झाडले जातात, डबे घासले जातात आणि शेवटी पाळी येते मोरीची. नळाखाली, बादली ठेवण्याच्या जागी पांढरट थर चढलेला असतो. साबणाने कितीही घासा, तो हलत नाही. मग कोणीतरी म्हणते, "ॲसिड टाका, दोन मिनिटांत जाईल!"

आमच्या घरी काही वर्षांपूर्वी असेच झाले. ॲसिड ओतले, फेस आला, डाग गेला. फरशी वाळल्यावर मात्र लक्षात आले, की डागाबरोबर फरशीचा गुळगुळीतपणाही गेला होता. तेथे खरबरीत, फिकट चट्टा उरला. तो आजही आहे. शिवाय घासणाऱ्याच्या गालावर दोन थेंब उडाले. ते थोडे वर, डोळ्यात गेले असते तर?

विद्यार्थी मित्रांनो, यातील प्रत्येक गोष्टीचे कारण तुम्ही शाळेत शिकलेल्या रसायनशास्त्रात आहे. ते आज समजून घेऊ.

डाग कशाचा असतो?

विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात जमिनीतील क्षार विरघळलेले असतात. अशा पाण्याला आपण बोलताना 'जड पाणी' म्हणतो. शास्त्रीय भाषेत ते दुष्फेन पाणी. त्यात कॅल्शियम बायकार्बोनेट असते. पाणी वाळताना त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट मागे राहते. हाच तो पांढरा थर. तो पाण्यात विरघळत नाही, म्हणून नुसत्या धुण्याने जात नाही. आम्लाशी मात्र त्याची चटकन अभिक्रिया होते :

कॅल्शियम कार्बोनेट + हायड्रोक्लोरिक आम्ल → कॅल्शियम क्लोराइड + पाणी + कार्बन डायऑक्साइड

कॅल्शियम क्लोराइड पाण्यात विरघळते आणि वाहून जाते. दिसणारा फेस हा कार्बन डायऑक्साइडचा. तेलकट मेणचटपणा मात्र आम्लाने जात नाही. त्याला साबण किंवा धुण्याचा सोडाच हवा.

फरशी का खराब झाली?

शहाबादी फरशी हा चुनखडीचा दगड आहे, म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच! कोटा आणि कडप्पा हेही चुनखडीचेच. संगमरवर म्हणजे उष्णता व दाब यांमुळे रूप पालटलेली चुनखडी. मोझॅइकच्या फरशीत संगमरवराचे तुकडे आणि सिमेंट असते. डाग आणि फरशी एकाच पदार्थाची असली, तर आम्लाला त्यांत फरक कळणार कसा? ते दोन्ही खाते. चकचकीत चिनीमातीच्या टाइलवर आम्लाचा सहसा परिणाम होत नाही. पण टाइलांमधील सांध्यांचे सिमेंट झिजते.

करून पाहा

अंड्याचे कवच, शहाबादी फरशीचा तुकडा, चिनीमातीच्या टाइलचा तुकडा आणि पाट्या-वरवंट्याच्या जातीचा काळा दगड घ्या. प्रत्येकावर व्हिनेगरचे चार थेंब टाका आणि भिंगातून पाहा. बुडबुडे कोठे येतात? जेथे येतात, तेथे आम्ल वापरायचे नाही. साफसफाईपूर्वी फरशीच्या कोपऱ्यात हीच परीक्षा घ्यावी.

ब्रशची करामत

ताठ केसांचा ब्रश फरशीवर दाबून ओढला की केस वाकतात. वाकलेल्या केसांत, ताणलेल्या स्प्रिंगप्रमाणे, ऊर्जा साठते. फरशीची कड येताच केस झटकन सरळ होतात आणि टोकावरचा थेंब गोफणीतल्या दगडासारखा फेकला जातो. आपण उकिडवे बसून घासतो, तेव्हा तोंड त्याच्या वाटेतच असते!

म्हणून ब्रश लांब दांड्याचा व प्लॅस्टिकच्या केसांचा घ्यावा. तारेचा ब्रश नको : लोखंडावर आम्लाची अभिक्रिया होऊन हायड्रोजन निघतो, ब्रश झिजतो आणि फरशीवर गंजाचे डाग पडतात. काथ्याच्या ब्रशातील तंतूही आम्लाने दुबळे होतात. मुख्य म्हणजे आम्ल ओले असताना जोराने घासण्याची गरजच नसते. काम अभिक्रिया करते, हात नव्हे. थर मऊ झाला की पाणी टाकून मग घासावे.

सुरक्षित पद्धत

१. प्रथम सौम्य आम्ल वापरा. एक लिटर पाण्यात दोन चमचे लिंबाचे सत्त्व (सायट्रिक आम्ल) किंवा नुसते व्हिनेगर घेऊन त्यात भिजवलेले फडके डागावर अर्धा तास ठेवा. तांब्याची भांडी आपण चिंचेने घासतो, तीही सौम्य आम्लाचीच किमया.

२. तीव्र आम्ल मोठ्या माणसांनीच हाताळावे. 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर कडक निर्बंध घातले. 18 वर्षांखालील व्यक्तीला ते विकता येत नाही.

३. रबरी हातमोजे, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

४. आम्ल विरल करताना आधी पाणी घ्यावे आणि त्यात आम्ल थोडे थोडे सोडावे. आम्लात पाणी कधीही ओतू नये. एकदम उष्णता निर्माण होऊन आम्ल अंगावर उडते.

५. आम्ल सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत कधीही ठेवू नये. तहानलेले मूल बाटली पाहते, चिठ्ठी वाचत नाही.

हे मिश्रण कदापि नको

"एकाने डाग निघतो, तर दोन्हींनी जास्त निघेल" या समजुतीने काही जण आम्ल आणि ब्लिचिंग पावडर एकत्र करतात. त्यातून क्लोरिन वायू बाहेर पडतो. 22 एप्रिल 1915 रोजी बेल्जियममधील ईप्र येथे पहिल्या महायुद्धात शस्त्र म्हणून सोडला गेला, तो हाच वायू! तो हवेच्या सुमारे अडीच पट जड असल्याने जमिनीलगत साचतो; नेमके तेथेच घासणाऱ्याचे नाक असते. द्रवरूप ब्लीचचेही तसेच. दोन्ही वापरायची असतील, तर वेगवेगळ्या दिवशी आणि मध्ये भरपूर पाण्याने धुऊन. कधी घुसमटवणारा उग्र वास आलाच, तर सारे तेथेच टाकून मोकळ्या हवेत जावे.

अपघात झालाच तर

आम्ल कातडीवर किंवा डोळ्यात गेल्यास वाहत्या पाण्याखाली निदान 15 ते 20 मिनिटे धुवावे आणि डॉक्टरांकडे जावे. त्यावर सोडा चोळू नये. उदासिनीकरणात उष्णता निघते आणि जखम वाढते. सोडा वापरायचा तो जमिनीवर सांडलेल्या आम्लावर. आम्ल पोटात गेल्यास ओकारी काढू नये. वर येताना ते अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते. ताबडतोब इस्पितळ गाठावे.

विचार करा

१. सांडलेल्या आम्लावर खाण्याचा सोडा टाकला की फेस येतो. तो थांबला याचा अर्थ काय?

२. तुमच्या घरातील फरशा कोणत्या दगडाच्या आहेत? त्यांतील कोणत्या आम्लापासून जपायला हव्यात?

यंदाच्या दिवाळीत कोणी ॲसिडची बाटली पुढे केली, तर आधी एवढेच विचारा : "ही फरशी कोणत्या दगडाची आहे?" कदाचित एक फरशी वाचेल, कदाचित एक डोळाही.